जांभा भिंतीतनं भिंतीवर कसा आला

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं आता कुठलाही नवा बंगला बघा, कंपाउंड आणि पुढची एक तरी भिंत दगडाची दिसणार. आत ब्लॉक किंवा वीट असते, दगड वरनं लावलेला असतो, पण घरमालक सांगताना 'दगडी भिंत केलीय' असंच सांगतो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही चुकीचं वाटत नाही. ग्रॅनाइट, शहाबादी, काळा दगड, सगळं लावतात, पण आपल्या भागाचा प्रश्न मुळात जांभ्याचा, म्हणजे तांबड्या, भोकाभोकाच्या दगडाचा आहे. बाकीचे दगड ट्रकनं येतात, जांभा पायाखालीच आहे.

भिंतीला पोट एकाचं आणि तोंड दुसऱ्याचं असणं हे काही आजचं नाही. ताजमहालसुद्धा आतनं विटांचा आहे, संगमरवर वरनं बसवलाय. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत बाहेरनं घडीव दगड, आतनं मातीत बसवलेली डबर म्हणजे ओबडधोबड दगड, आणि दोन्हीला धरून ठेवायला मधे मधे आरपार जाणारे लांब दगड. म्हणजे तोंड पोटाला बांधलेलं होतं, चिकटवलेलं नव्हतं. हा फरक पुढं लागणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

आता जांभा म्हणजे नक्की काय, इथंच गोंधळ सुरू होतो. आपण त्याला दगड म्हणतो आणि तासून काढला की चिरा म्हणतो. खाणीत कन्नड गडी त्यालाच जंबिट्टिगे म्हणतात, आणि इट्टिगे म्हणजे वीट. मलबारात फिरून आलेल्या एका ब्रिटिश डॉक्टरनं १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट असं नाव दिलं, तेही लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरनं, कारण तिथली माणसं हा माल ओला असताना विटेसारखा कापून काढत होती आणि हवेवर सोडला की तो कडक होत होता. दोन भाषांनी त्याला वीट ठरवलंय आणि आपण दगड. मला विचाराल तर वीट म्हणणारे जास्त बरोबर आहेत. मानकांतही तेच दिसतं. जांभ्याच्या चिऱ्यासाठी १९७९ चं जे भारतीय मानक आहे त्यात वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेलं चालतं. चांगला ग्रॅनाइट अर्धा टक्कासुद्धा शोषत नाही. पण आज दुकानात दोघांच्या खोक्यावर एकच लेबल, नॅचरल स्टोन. आणि लेबल एक म्हणून लावायची पद्धतही एकच.

जुनी माणसं जांभा उघडा ठेवत होती का, यावर आमच्याकडं लई वाद होतात. हल्ली सगळ्यांना तो तांबडा, भोकाभोकाचा लूक पाहिजे आणि तोच पारंपरिक आहे असं छातीठोक सांगितलं जातं. गडग्याला, विहिरीला, गोठ्याला तो उघडा होता हे खरंय. पण बऱ्या घराच्या भिंतीला चुन्याचा गिलावा असायचा, वर कौलाची वळचण पुढं काढलेली असायची, पावसाचं पाणी थेट भिंतीवर येतच नव्हतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण घाट उतरला की आहे. जुन्या गोव्यातलं बॉम जीझसचं चर्च १६०५ मध्ये पूर्ण झालं. अंग जांभ्याचं, पुढच्या बाजूचं नक्षीकाम काळ्या दगडाचं आणि तो दगड वसईहून आणलेला. म्हणजे जिथं कोरीव तोंड पाहिजे तिथं बांधणाऱ्यांनी जांभ्यावर भिस्त ठेवली नाही, आणि जिथं जांभा होता तिथं चुन्याचा गिलावा केला. साडेतीनशे वर्षं तो गिलावा तसाच सांभाळला. १९५० च्या सुमाराला दुरुस्तीच्या कामात असं ठरलं की गिलावा काढायचा, आतला दगड दिसू दे, म्हणजे इमारत जुनी आणि भारदस्त वाटेल. काढला. तेव्हापासनं चर्च लाल आहे, फोटोत, पोस्टकार्डावर, सहलीच्या अल्बममध्ये सगळीकडं लाल, आणि १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं तेही लालच. पण दरवर्षीचा पाऊस तो उघडा जांभा खातोय, भोकं मोठी होताहेत, आतली माती धुऊन जातेय. २०२० मध्ये चर्च सांभाळणाऱ्यांनीच जाहीर सांगितलं की गिलावा परत करा नाहीतर भिंती राहणार नाहीत. वारसा सांभाळणाऱ्या सरकारी खात्याला ते पटलं नाही. दोन्हीकडं अभ्यासू माणसं आहेत. तरी खानापूरच्या पावसात वाढलेल्या माणसाला यात कुणाची बाजू घ्यावी असा प्रश्न पडू नये असं मला वाटतं.

आपल्या भागात बदल आला तो चिरा कापायच्या मशीननं आणि डायमंड ब्लेडनं. आधी खाणीतनं चिरा निघायचा, बरेच जण तो एक उन्हाळा बाहेर ठेवून मगच वापरायचे. ब्लेड आल्यावर त्याच चिऱ्याच्या २० मिलिमीटरच्या चकत्या निघायला लागल्या. एका चिऱ्यात भिंतीचा केवढा भाग झाकतो बघा, त्यामुळं हिशोबात हे लगेच बसलं. त्याच काळात 'इलेव्हेशन', म्हणजे घराची दर्शनी बाजू, हा शब्द गवंड्यापासनं घरमालकापर्यंत सगळ्यांच्या तोंडात आला आणि टाईल चिकटवायचं केमिकल गोणीत मिळायला लागलं, टाईलच्या चिकटद्रव्यांचं भारतीय मानक २००४ मध्ये आलं.

पण चिरा सहा-सात इंच जाड असतो तेव्हा त्यातलं भोक आरपार जात नाही. वीस मिलिमीटरच्या चकतीत बरीच भोकं आरपार जातात. पाणी थेट मागच्या केमिकलपर्यंत पोचतं आणि तिथं अडतं, कारण ते केमिकल घट्ट असतं. जुन्या भिंतीत पाणी मातीत, चुन्यात शिरून दोन्ही बाजूंनी वाळत होतं, इथं आल्या वाटेनंच परत जायचं आणि जाताना खार घेऊन यायचं. पांढरे पट्टे, मग शेवाळ, मग नैर्ऋत्येकडच्या भिंतीवरचे कोपरे फुटायला लागतात. त्यावर चकाकणारा लेप मारला की पाणी आत आणखीच कोंडतं.

मग अडकवायचं का नाही? दगडाचं तोंड भिंतीला धातूच्या आकड्यांनी धरून ठेवायची पद्धत आपल्या मानकांत १९६७ पासनं आहे, आणि मोठ्या शहरांत ग्रॅनाइट स्टेनलेसच्या क्लॅम्पवर, मागं हवेला फट ठेवून लावतातच. तरी तिथंही दगड ओळखूनच चालावं लागतं. शिकागोत १९७३ ला पूर्ण झालेल्या ८३ मजली इमारतीला इटलीचा संगमरवर सव्वा-दीड इंच जाडीचा लावला होता. ऊन-थंडीनं तो वाकला, आणि १९९० ते ९२ मध्ये सगळाच्या सगळा, सुमारे ४३,००० तुकडे, उतरवून ग्रॅनाइट लावावा लागला. जांभ्याच्या चकतीला तर क्लॅम्पची पिनच धरत नाही, कडा चुरा होते. म्हणजे अडकवायचा रस्ता जांभ्याला कधी मिळालाच नाही, चिकटवणं एवढंच उरलं, आणि कंपाउंडला चाललं म्हणून तेच दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं. काळ्या दगडाची तीस मिलिमीटरची फरशी एका चौरस फुटाला आठ किलोच्या आसपास भरते, जांभा त्यापेक्षा हलका, म्हणून वर न्यायला कुणी घाबरलं नाही. भिजल्यावर त्याचं वजन किती वाढतं हे मात्र कुणी धरलं नाही.

गेल्या काही वर्षांत काही गवंडी पूर्ण चिऱ्याचीच अर्धी भिंत बाहेरनं उभी करतात, आतल्या भिंतीला सळीनं बांधून, भिंतीच्या माथ्यावर कोपिंगचं झाकण आणि पुढं आलेला छज्जा देऊन. जागा सात-आठ इंच जास्त जाते, पाया रुंद लागतो, खर्चही वाढतो, त्यामुळं ते जांबोटी, कणकुंबीकडच्या फार्महाउसवर दिसतं, शहरातल्या तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर नाही.