गोल्ड स्टार कुटुंबांचा मोफत उद्यानप्रवेश (अमेरिका)

अमेरिकेच्या संघीय सरकारची राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, वने आणि जलाशय अशा २,००० हून अधिक मनोरंजनस्थळांवर माजी सैनिकांना व सेवेत मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांना मिळणारी प्रवेशशुल्कमाफी. ‘गोल्ड स्टार’ हे नाव पहिल्या महायुद्धाच्या काळातले आहे. घरातल्या प्रत्येक सैनिकामागे एक निळा तारा असलेले निशाण तेव्हा खिडकीत लावले जाई आणि तो सैनिक मरण पावला की निळ्यावर सोनेरी तारा चढवला जाई. मराठीतल्या वीरपत्नी, वीरमाता या शब्दांना हा शब्द जवळचा असला, तरी त्यात भावंडेही येतात.

सेवेतील सैनिक व त्यांच्या अवलंबितांना वार्षिक पास २०१२ पासून मोफत मिळू लागला. माजी सैनिक आणि गोल्ड स्टार कुटुंबीयांना ही माफी ११ नोव्हेंबर २०२० पासून लागू झाली. मात्र तिला कायद्याचा आधार मिळाला तो डिसेंबर २०२१ मध्ये. अफगाणिस्तानात लढलेला अलेक्झांडर लोफग्रेन हा माजी सैनिक त्याच वर्षी डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात मरण पावला होता व त्या तरतुदीला त्याचेच नाव देण्यात आले. तिच्यानुसार ११ नोव्हेंबर २०२२ पासून आजीवन पास दिला जातो.

गोल्ड स्टार नातेवाइकाला संकेतस्थळावर आपली पात्रता स्वतःच प्रमाणित करून व्हाउचर छापून घ्यावे लागते आणि उद्यानाच्या फाटकावर ते दाखवून त्याच्या बदल्यात पास घेता येतो. जिथे शुल्क गाडीमागे आकारतात, तिथे पासधारकासोबत गाडीतले सगळेच मोफत आत जातात; जिथे ते माणशी असते, तिथे पासधारक आणि आणखी तीन प्रौढांना माफी मिळते. सोळा वर्षांखालील मुलांना तसेही शुल्क नसते. तंबूच्या जागेचे भाडे मात्र या पासात येत नाही. कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकाला वेगळा ‘अॅक्सेस पास’ मिळतो व त्यावर अनेक ठिकाणी ते भाडे निम्मे होते, म्हणून मुक्कामी जाणाऱ्या अशा कुटुंबाला तोच अधिक सोयीचा.

‘सैनिकांच्या कुटुंबांना मोफत प्रवेश’ असे सरसकट म्हटले जाते, ते मात्र तितकेसे खरे नाही. हयात माजी सैनिकाच्या पत्नीला या नात्यावर स्वतंत्र पास नाही. तो स्वतः पास घेऊन सोबत असेल तरच तिला सवलत मिळते. निवृत्तीनंतर घरी वारलेल्या सैनिकाची पत्नीही गोल्ड स्टारच्या व्याख्येत बसत नाही, कारण मृत्यू युद्धात, परदेशातील लष्करी मोहिमेत किंवा आंतरराष्ट्रीय दहशतवादी हल्ल्यात झालेला असावा लागतो, आणि पतीच्या नावाचा आजीवन पास तिच्या नावावर होत नाही.