नवतपातलं विमान

गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिक घडवले जातात. त्यांची छोटी विमानं आमच्या धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालतात. मे महिन्यात एका लग्नाच्या मांडवात सातवीतल्या मुलानं मला विचारलं, "सर, गरम हवा वर जाते ना? मंग उन्हाळ्यात विमान लवकर उडत असन?"

मोठी माणसंही असंच समजतात. खरं नेमकं उलट आहे.

गरम हवा वर जाते, कारण भोवतालची हवा तिच्याहून थंड आणि जड असते. विमानाचा पंख असा तरंगत नाही. तो समोरून येणारी हवा खाली लोटतो आणि त्या बदल्यात हवा त्याला वर लोटते. म्हणजे लोटायला हवा भरपूर हवी. तापली की ती विरळ होते. आमच्याकडच्या सुमारे ३०० मीटर उंचीवर डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना एक घनमीटर हवा साधारण १.२० किलो भरते, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, ४५ अंशांना १.०७ किलो. पावसाळी हवा आपल्याला जड वाटते, पण बाष्पाचा रेणू नायट्रोजनच्या रेणूहून हलका असल्यानं दमट हवाही थोडी विरळच असते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. विमानाच्या बाहेर पुढे तोंड करून एक बारीक नळी असते, पिटो नळी. समोरची हवा तिच्यात शिरून थबकते आणि दाब देते. विमानाच्या कुशीला दुसरं छिद्र असतं, तिथे वातावरणाचा साधा दाब मिळतो. या दोन दाबांतल्या फरकानं वेगाचा काटा फिरतो. हा फरक म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं. पंखाची उचलही याच राशीवर चालते! म्हणजे काटा खरा वेग दाखवतच नाही. पंखाला हवा किती जाणवते ते दाखवतो. म्हणून ५५ नॉटला (नॉट हे विमानाच्या वेगाचं एकक) नाक उचलायचं असेल तर डिसेंबरात ५५ आणि मेमध्येही ५५च. नव्या विद्यार्थ्याला वाटतं, उन्हाळ्यात काही तरी वाढवायला हवं. काट्यावर काही वाढवायचं नाही. मात्र काटा ५५वर असताना खरा वेग डिसेंबरात ताशी सुमारे १०३ किलोमीटर असतो, नवतपात १०९.

हे सहा किलोमीटर धावपट्टी खातात. धाव वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे इथेच १२ टक्के गेले. त्यात विरळ हवेत इंजिनाला प्राणवायू कमी आणि नाकावर फिरणाऱ्या पंख्यालाही मागे लोटायला हवा कमी, त्यामुळे वेग धरायलाच उशीर. सगळं मिळून जमिनीवरची धाव पाव हिस्सा तरी लांबते.

वैमानिक याचा हिशेब घनता-उंचीत मांडतात, म्हणजे आत्ताची हवा प्रमाण वातावरणातल्या किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे ते. प्रमाण वातावरण म्हणजे तुलनेसाठी ठरवून घेतलेली सरासरी हवा. तिच्यात आमच्या उंचीवर १३ अंश असायला हवेत. त्यावरच्या प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट वाढवायचे. ४५ अंशांना ३२ गुणिले १२०, म्हणजे ३८४० फूट. त्यात जमिनीची हजार फूट उंची मिळवा, झाले ४८४० फूट. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. गोंदियाच्या सपाटीवर उभ्या विमानाला मात्र दुपारी आपण जवळपास १४७५ मीटरवर आहोत असं वाटतं. गारवा तेवढा नाही.

दुपारी आणखी एक त्रास असतो. तापलेल्या वावरातून हवेचे लोट उठतात आणि छोटं विमान हिंदकळतं. हाच लोट धूळ घेऊन गरगरला की आपण त्याला वावटळ म्हणतो. तिच्यात भूत असतं म्हणून थुंकणारी, लेकरांना घरात ओढणारी माणसं अजून आहेत. डोळ्यांत धूळ जाते म्हणून ओढा जरूर, पण लेकरांना भुताचं भय घालू नका. तिथे तापलेली माती आणि वर चढणारी हवा आहे, बाकी काही नाही.

त्याच दिवशी पहाटे २८ अंश असताना घनता-उंची निघते २८०० फूट, दुपारपेक्षा दोन हजारांनी कमी. मांडवातल्या त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "उद्या साडेपाचला उठ. हवा भरीव असते तेव्हा विमान कसं उचलतं ते बघ."