घोणशीचे विष रक्त आधी गोठवते

घोणस चावली की हिरड्यांतून रक्त येते, सुई टोचलेली जागा झिरपत राहते, कधी लघवी लाल होते. म्हणून हे विष ‘रक्त पातळ करते’ असे सर्रास सांगितले जाते. खरे तर ते रक्त गोठवते, आणि पातळपणा येतो तो त्यानंतर.

1781 मध्ये फेलिचे फोंताना या इटालियन अभ्यासकाने युरोपातल्या व्हायपरच्या (घोणशीच्या कुळातल्या सापाच्या) विषावरचा ग्रंथ छापला. विष थेट शिरेत गेले तर रक्त आतच गोठून प्राणी झटकन मरतो, हे त्याने पाहिले होते. 1890 च्या दशकात ऑस्ट्रेलियात सी. जे. मार्टिन यांनी तिथल्या काळ्या सापाच्या विषात दोन टप्पे दाखवले: मोठी मात्रा झपाट्याने गेली तर वाहिन्यांत गुठळ्या, थोडी किंवा सावकाश गेली तर गोठेनासे झालेले रक्त. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये, जॉर्ज लॅम्ब घोणस आणि नागाच्या विषांचा रक्तावरचा परिणाम तपासत होते.

कलाटणी 1934 ची. लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी घोणशीचे विष 10,000 पट पातळ करून हिमोफिलियाच्या, म्हणजे ज्यांचे रक्त नीट गोठत नाही अशा, रुग्णांच्या जखमेवर लावले आणि रक्त थांबले. ‘स्टिपव्हेन’ नावाने ते औषध म्हणून विकलेही गेले. गोठण्याची साखळी उलगडल्यावर कारण कळले. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना ‘घटक’ म्हणतात आणि त्यांना क्रमांक आहेत; विषातले एक एन्झाइम कॅल्शियमच्या मदतीने घटक 10 ला, तर दुसरे घटक 5 ला जागे करते. त्यातून थ्रॉम्बिन हे एन्झाइम तयार होते, ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिन, म्हणजे गुठळीचे धागे, बनवत राहते आणि शरीराचीच यंत्रणा ते विरघळवत राहते. फायब्रिनोजेनचा साठा संपला की गोठायला काही उरत नाही. कोकणातल्या फुरशाचे विष याच साखळीत एक पायरी पुढे, थेट प्रोथ्रॉम्बिनवर (ज्यापासून थ्रॉम्बिन बनते त्यावर) काम करते, शेवट तोच.

फक्त साठा संपल्याने एवढा रक्तस्राव होत नाही. त्याला जोड मिळते ती विषातल्या जस्तयुक्त प्रोटिएझची, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांची: ही एन्झाइमे केशवाहिन्यांना आधार देणारे कोलॅजन तोडतात आणि भिंत फाटते. फॉस्फोलायपेझ पेशींची आवरणे फोडते, हायल्युरोनिडेझ ऊतींमधला चिकट पदार्थ विरघळवून विषाला वाट करून देते. सूज, फोड, काळी पडणारी कातडी यातूनच येते. घट्ट आवळपट्टी बांधली तर हा सगळा माल एकाच जागी साचतो, आणि तिथले मांस आणखी सडते.

1970 च्या दशकात डॉक्टर डेव्हिड वॉरेल नायजेरियात फुरशाच्याच कुळातल्या सापाच्या दंशांवर काम करत होते. तिथे वापरलेली साधी चाचणी आज आपल्या ग्रामीण रुग्णालयांतही चालते. शिरेतले 2 मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, 20 मिनिटे न हलवता ठेवायचे, मग एकदाच तिरपे करायचे. रक्त वाहिले तर विष चढलेले आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच गोठणे सुरू होते. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी घेतली तर निरोगी माणसाचे रक्तही पातळच राहू शकते, आणि प्रतिविष विनाकारण चढते. अधेमधे हलवून बघणे हीदेखील नेहमीची चूक.

भारतीय प्रतिविषाचा 1 मिली घोणशीचे 0.6 मिग्रॅ विष निकामी करतो. म्हणजे सुरुवातीच्या 10 कुप्या, 100 मिली, 60 मिग्रॅला पुरतात. घोणस एका दंशात सरासरी साधारण तेवढेच सोडते. मात्र प्रतिविष रक्तातले विष अडवते, संपलेले घटक परत देत नाही. ते यकृताला नव्याने बनवावे लागतात आणि त्याला सुमारे 6 तास लागतात. म्हणून नळीची चाचणी दर 6 तासांनी करतात. तासाभरात रक्त गोठले नाही म्हणून लगेच आणखी कुप्या चढवण्यात अर्थ नसतो. मेलेले मांस तर प्रतिविषाने परत येतच नाही.