छुपे चित्रीकरण (कामाच्या ठिकाणचे)

कर्मचाऱ्यांना न सांगता कॅमेऱ्याने त्यांच्यावर ठेवलेली नजर. ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ ही पाटी बहुधा गिऱ्हाइकासाठी असते. आपल्या डोक्यावरचा कॅमेरा नेमका कुठे रोखला आहे, हे गल्ल्यावरच्या माणसाला ठाऊक असतेच असे नाही.

या विषयात हमखास दाखला दिला जातो तो ‘लोपेझ रिबाल्दा विरुद्ध स्पेन’ या खटल्याचा. २००९ मध्ये बार्सिलोना प्रांतातल्या एका सुपरमार्केटात शिल्लक माल आणि विक्री यांचा मेळ बसेना. फेब्रुवारी ते जून या काळात तूट ८२ हजार युरोंवर गेली. १५ जूनला कॅमेरे बसले. दारांकडचे उघड, कर्मचाऱ्यांना सांगून बसवलेले. बिलिंग काउंटरवर रोखलेले मात्र लपवलेले. दहा दिवसांत दिसले ते असे : टोपलीतल्या वस्तू स्कॅन व्हायच्या, मग बिल रद्द व्हायचे आणि गिऱ्हाईक किंवा सहकारी पैसे न देता माल घेऊन जायचे. चौदा जणांची नोकरी गेली.

खासगीपणाचा भंग झाला म्हणून त्यांतल्या पाच जणी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. जानेवारी २०१८ मध्ये ६ विरुद्ध १ मतांनी त्या जिंकल्या. १७ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १४ विरुद्ध ३ मतांनी तो निकाल फिरवला. स्वच्छतागृह किंवा कपडे बदलण्याची खोली इथे खासगीपणाची अपेक्षा सर्वाधिक, बंद केबिनमध्येही बरीच. लोकांची सतत ये-जा असलेल्या काउंटरवर ती उघडच कमी, असे न्यायालयाने म्हटले. नुसता संशय पुरेसा नाही, हेही बजावले. पण इथे तूट मोठी होती, चित्रीकरण थोडे दिवस चालले आणि ते मोजक्याच लोकांनी पाहिले. स्पेनच्या कायद्यानुसार कर्मचाऱ्यांना आधी कळवणे बंधनकारक होते. ते न पाळणे हा अनेक निकषांपैकी केवळ एक ठरला, आणि निकालाची पडती बाजू हीच.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. चेंजिंग रूममधला छुपा कॅमेरा सरळ फौजदारी गुन्ह्यात मोडतो. काउंटरवरच्या कॅमेऱ्याचे तसे नाही : २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम ७ मालकाला नुकसानीपासून बचावासाठी कर्मचाऱ्याचा डेटा संमतीविनाही वापरू देते. त्या कलमात ‘नुकसान’ किती मोठे असावे, याचे माप मात्र दिलेले नाही.