हीटरमधून गार हवा: थर्मोस्टॅट उघडा अडकला, की हीटर कॉईल चोक झाली?

गाडी पंधरा-वीस मिनिटे चालली आहे, नॉब पार लाल टोकाला आहे, ब्लोअर जोरात फिरतोय, आणि हवा मात्र जेमतेम कोमट. अशा वेळी गॅरेजमध्ये बहुतेकदा पहिले उत्तर मिळते ते ‘कॉईल गेली’ असे. ते खरेही असू शकते. पण कॉईल बदलायची म्हणजे बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो आणि दिवस जातो. थर्मोस्टॅट तासाभरात बदलून होतो. म्हणून डॅशबोर्डच्या स्क्रूला हात लावण्याआधी दोष या दोहोंपैकी कशात आहे, याची खात्री करून घ्यायलाच हवी.

पेट्रोल किंवा डिझेल गाडीचा हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिनातून फिरून आलेले गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजेच हीटर कॉईलमधून जाते आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. म्हणजे प्रश्न दोनच उरतात: कूलंट पुरेसे तापते का, आणि तापलेले कूलंट कॉईलमधून मोकळेपणाने फिरते का? पहिला थर्मोस्टॅटचा, दुसरा कॉईलचा.

थर्मोस्टॅट हा मेणाच्या गोळीवर चालणारा वॉल्व. साधारण 82 ते 88 अंशांपर्यंत तो बंद राहतो, म्हणून कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. तो उघडा अडकला की पहिल्या मिनिटापासून कूलंट रेडिएटरमध्ये जाऊन गार होते. कॉईलची गोष्ट वेगळी. तिच्यातल्या नळ्या सपाट आणि फार बारीक असतात. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे किंवा बोअरचे पाणी घातले की क्षार आणि गंज तिथे बसतात. रेडिएटरची गळती थांबवायला टाकलेली पावडरही बहुधा तिथेच जाऊन अडकते.

दोन्हींत हवा कोमटच येते, पण गाडीचे वागणे वेगळे असते. थर्मोस्टॅट उघडा असेल तर सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये हवा जरा गरम होते, आणि हायवेला 80च्या वेगाने निघालात की पुन्हा गार पडते, कारण समोरचा वारा रेडिएटरला थंड करतो. तापमानाचा काटाही खाली उतरतो. काट्याऐवजी निळा दिवा असेल तर तो विझायला फार वेळ घेतो. मात्र निळा दिवा विझला म्हणजे इंजिन पुरेसे तापले असे समजू नका, तो त्याच्या बराच आधी विझतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि दोषाचे कोड वाचणारे उपकरण) लावून कूलंटचे तापमान वाचलेले उत्तम. हायवेवर आकडा 60-70च्या आसपास घुटमळत असेल तर दोष कॉईलचा नाही. पी 0128 हा कोडही बहुधा कूलंट पुरेसे तापत नाही, हेच सांगतो.

कॉईल चोक असेल तर काटा अगदी जागच्या जागी, स्कॅनरवर 85-90च्या वर, आणि तरीही हवा कोमट. गाडी उभी असो की पळती, फारसा फरक पडत नाही.

आता हाताने करायची तपासणी. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून दोन रबरी होज आत जातात, ते हीटरचे. इंजिन पूर्ण तापवा, नॉब गरमवर, ब्लोअर मध्यम वेगावर ठेवा. फॅन आणि बेल्टपासून हात आणि बाही दूर ठेवून दोन्ही होजना हलकेच हात लावा. दोन्ही सारखेच कोमट असतील तर कूलंटच तापलेले नाही, म्हणजे संशय थर्मोस्टॅटवर. एक चटका देणारा आणि दुसरा कोमट असेल तर कॉईल चोक. काही गाड्यांत या होजवर वेगळा हीटर वॉल्व असतो. तो असेल तर उघडतोय का, हे आधी पाहा. अवरक्त थर्मामीटर असेल तर अंदाजावर राहावे लागत नाही. धडधाकट कॉईलमध्ये आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या होजमध्ये 5 ते 15 अंशांचा फरक दिसतो, 25-30च्या वर गेला तर आतला प्रवाह अडला आहे. माप रबरावरच घ्या. चकचकीत धातूवर आकडा चुकतो, तिथे काळी टेप चिकटवून मोजा.

थर्मोस्टॅटची खात्री सकाळी गार इंजिनावर होते. वॉल्व रेडिएटरच्या वरच्या होजच्या तोंडाशी असेल, तर इंजिन तापेपर्यंत तो होज जवळपास गारच राहायला हवा. दोन मिनिटांत कोमट व्हायला लागला, तर वॉल्व उघडा आहे. काही इंजिनांत वॉल्व खालच्या होजच्या बाजूला असतो, तिथे खालचा होज तपासा. काढलेला थर्मोस्टॅट साध्या तापमानालाच फट दाखवत असेल तर पुढे काही तपासायला नको. शंका असेल तर पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटरसह तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

जुनी गाडी घेतली असेल तर एक गोष्ट आवर्जून पाहा: थर्मोस्टॅट जागेवर आहे का? इंजिन तापते म्हणून तो काढून टाकण्याची सवय आपल्याकडे फार रुळली आहे, आणि ती इंजिनाला घातक आहे. सतत गार राहिलेले इंजिन जास्त इंधन पिते, ॲव्हरेज पडते, ऑईलमध्ये इंधन उतरते. काही इंजिनांत हाच वॉल्व उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की कूलंट रेडिएटर टाळून फिरते आणि घाटात इंजिन उलट जास्तच तापते. नवा बसवताना गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीच घ्या, आणि हलणारी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते.

कॉईल चोक असली तरी लगेच बदलायची गरज नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर हीटरचे दोन्ही होज काढा आणि ज्या नळीतून कूलंट बाहेर येते, तिथून उलट्या दिशेने बागेच्या पाइपने हलक्या दाबाने पाणी सोडा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका: रेडिएटरच्या झाकणाचा दाबच साधारण 1 बार असतो, 6-7 बारने कॉईल फाटते. तांबूस गाळ निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवा. शेवटी डिस्टिल्ड वॉटर फिरवून कंपनीने सांगितलेले कूलंट भरा. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले) असेल तर सहसा निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर. यानंतरही बाहेरची धार बारीकच राहिली, तर मात्र कॉईल बदलावी लागेल.

या दोहोंचे सोंग आणणारा तिसरा दोष म्हणजे कमी कूलंट किंवा सिस्टीममध्ये अडकलेली हवा. रेस दिली की गरम हवा, आयडलला गार, आणि डॅशबोर्डमागे खळखळ आवाज. म्हणून सगळ्याच्या आधी, इंजिन गार असताना, कूलंटची पातळी पाहा. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. पातळी वारंवार उतरत असेल तर गळती शोधा. पायाखालचे मॅट ओले, गोडसर वास आणि काचेवर चिकट वाफ असेल तर कॉईलच फुटली आहे. अशी फुटलेली कॉईल न बदलता दोन्ही होज इंजिनाच्या बाजूला एकमेकांना जोडून दिलेलेही असतात. तेव्हा होज पत्र्यापलीकडे खरोखर आत जातात का, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

आणि दोन्ही होज सारखेच कडकडीत गरम असून हवा गारच असेल, तर थर्मोस्टॅट आणि कॉईल दोघांनाही सोडा. हीटर बॉक्समधली गरम-गार हवा मिसळणारी झडप हलत नाही. नॉब फिरवताना केबल सैल लागते का, की मोटरचा टकटक आवाज येतो, ते ऐका. बऱ्याच गाड्यांत ही केबल क्लिपमधून निसटलेली असते आणि ग्लोव्ह बॉक्स उतरवला की हाताने परत बसते.