फेडरेटेड शेअरिंग (नेक्स्टक्लाउड)

स्वतः चालवलेल्या दोन स्वतंत्र क्लाउड सर्व्हरांवरच्या वापरकर्त्यांना एकमेकांच्या फाइली आपापल्या खात्यातूनच उघडता याव्यात यासाठीची सोय. स्वतःचा क्लाउड चालवण्यासाठीच्या ओनक्लाउड या सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीत, २०१४ साली, ती ‘सर्व्हर टू सर्व्हर शेअरिंग’ या नावाने आली. २०१६ मध्ये ओनक्लाउडपासून फुटून निघालेल्या नेक्स्टक्लाउडमध्येही ती पहिल्यापासून आहे. दोन्हींच्या सर्व्हरांना एकमेकांशी बोलता येते ते ओपन क्लाउड मेश या सामायिक प्रोटोकॉलमुळे. युरोपातील संशोधनसंस्थांचे जाळे असलेल्या जेआन्टच्या छत्राखाली त्याचे काम झाले.

प्रत्येक वापरकर्त्याला ईमेलसारखा दिसणारा फेडरेटेड क्लाउड आयडी मिळतो: आधी वापरकर्तानाव, मग ॲटचे चिन्ह, मग सर्व्हरचे डोमेन. वैयक्तिक सेटिंग्जमधील शेअरिंगच्या पानावर तो दिसतो. मूळ सर्व्हरवर फोल्डर शेअर करताना नावाच्या जागी हा आयडी लिहिला, की मूळ सर्व्हर घेणाऱ्या सर्व्हरला निरोप धाडतो आणि त्यासोबत एक टोकन, म्हणजे परवानगीची गुप्त खूण, देतो. समोरच्याने शेअर स्वीकारले, की घेणारा सर्व्हर तेच टोकन दाखवून वेबडॅवने (वेबवरून फाइली हाताळण्याच्या पद्धतीने) मूळ सर्व्हरवरचे फोल्डर जोडून घेतो. फाइल जागची हलत नाही. जागा मूळ मालकाच्या कोट्यातून जाते, आणि मालकाने शेअर काढून टाकले की टोकन त्याच क्षणी निकामी होते.

म्हणजे निरोप एका दिशेने जातो आणि फाइलची मागणी उलट दिशेने येते. बहुतेक अडचणींचे मूळ इथेच असते. ‘माझ्या सर्व्हरवरून समोरचा दिसतो’ एवढी खात्री पुरेशी नाही. समोरच्यालाही आपला सर्व्हर पोर्ट ४४३ वर (एचटीटीपीएसच्या ठरलेल्या दारावर) दिसला पाहिजे. भारतात घरगुती ब्रॉडबँडवर अनेकदा सीजीनॅट असते, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी पत्ता वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून येणारी जोडणी घरापर्यंत पोचतच नाही. त्यावर स्थिर सार्वजनिक आयपी घेणे किंवा छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) भाड्याने घेऊन त्यातून बोगदा काढणे हे दोन खात्रीचे मार्ग आहेत. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालते, पण ते दोन्हीकडे असेल तरच.

सेटिंगला हात लावण्याआधी दोन्ही सर्व्हरांच्या टर्मिनलवरून कर्लने (वेबपान मागवणाऱ्या आज्ञेने) समोरच्याचे स्टेटस डॉट पीएचपी हे पान मागवून पाहावे. उत्तरादाखल आलेल्या जेसन मजकुरात ‘इन्स्टॉल्ड: ट्रू’ आले तर वाट मोकळी आहे. नेक्स्टक्लाउड डॉकरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये), असेल तर ही चाचणी कंटेनरच्या आत शिरूनच करावी, कारण आतले डीएनएस (डोमेनवरून आयपी पत्ता शोधण्याची सोय) यजमान यंत्रापेक्षा वेगळे असू शकते. ब्राउझरमध्ये पान उघडते आणि कर्ल मात्र एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राची तक्रार करतो, असे झाले तर वेब सर्व्हरला बहुधा फक्त स्वतःचे प्रमाणपत्र दिलेले असते, ते देणाऱ्या संस्थेपर्यंतची मधली साखळी दिलेली नसते. ब्राउझर ती उणीव पुष्कळदा स्वतः भरून काढतो, नेक्स्टक्लाउड जिच्यात लिहिले आहे ती पीएचपी काढत नाही. मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची फुलचेन फाइल लावली की हा प्रश्न मिटतो. स्वयंस्वाक्षरित प्रमाणपत्र चालवून घेण्याची सेटिंग उपलब्ध आहे, पण मोफत प्रमाणपत्र मिळत असताना तिच्या वाटेला जाऊ नये.

त्यानंतर प्रशासन सेटिंग्जमध्ये शेअरिंगच्या पानावर बाहेर पाठवण्याची आणि बाहेरून घेण्याची परवानगी द्यावी. पाठवणाऱ्याकडे पहिली खूण लागते, घेणाऱ्याकडे दुसरी. सर्व्हर रिव्हर्स प्रॉक्सीच्या (विनंत्या आधी घेऊन पुढे धाडणाऱ्या सर्व्हरच्या) मागे असेल तर कॉन्फिग डॉट पीएचपी या सेटिंगच्या फाइलमध्ये ओव्हरराइट प्रोटोकॉल एचटीटीपीएस ठेवावा आणि विश्वासू प्रॉक्सीचा आयपी नोंदवावा. हे राहून गेले तर सर्व्हर स्वतःचा पत्ता एचटीटीपीने सांगतो आणि समोरचा चुकीच्या पत्त्यावर फाइल मागत राहतो. दोन्ही सर्व्हर एकाच खासगी नेटवर्कवर असतील तर सुरक्षेसाठी नेक्स्टक्लाउड अशी जोडणी नाकारते आणि लॉगमध्ये ‘व्हायोलेट्स लोकल ॲक्सेस रूल्स’ अशी ओळ उमटते. ‘अलाऊ लोकल रिमोट सर्व्हर्स’ ही सेटिंग ‘ट्रू’ केल्यावर ते चालू होते.

प्रशासन सेटिंग्जमधील शेअरिंगच्या त्याच पानावर ‘ट्रस्टेड सर्व्हर’ची यादी आहे. शेअर करण्यासाठी ती भरावीच लागते हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. आयडी ठाऊक असेल तर तिच्याविनाही शेअर होते. या यादीचा मुख्य उपयोग म्हणजे दोन्ही सर्व्हरांच्या वापरकर्त्यांची नावे टाइप करताना आपोआप सुचणे. त्यासाठी दोन्ही प्रशासकांनी एकमेकांचे पत्ते घालावे लागतात. नावापुढचा ठिपका पिवळा असेल तर गुप्त किल्लीची किंवा वापरकर्त्यांच्या यादीची पहिली देवाणघेवाण बाकी आहे, हिरवा असेल तर ॲड्रेसबुकही पोचले, लाल असेल तर जोडणी फसली. ठिपका दिवसभर पिवळाच राहिला तर आधी क्रॉन (ठरल्या वेळी कामे चालवणारी सोय) तपासावा: बॅकग्राउंड कामे एजॅक्सवर सोडलेली असतील तर कुणी पान उघडेपर्यंत ती हलत नाहीत. सिस्टिम क्रॉन दर ५ मिनिटांनी चालेल असा लावावा आणि घाई असेल तर ओसीसी या नेक्स्टक्लाउडच्या आज्ञासाधनातील ॲड्रेसबुक सिंकची आज्ञा हाताने द्यावी. मात्र या देवाणघेवाणीत आपल्या वापरकर्त्यांची यादी समोरच्या प्रशासकाच्या हाती जाते. संस्था परकी असेल तर आयडी लिहून शेअर करणेच बरे.

मोठ्या फाइली हे या व्यवस्थेचे सर्वांत दुखरे अंग आहे. वापरकर्ता आपल्या सर्व्हरवर फाइल तुकड्यातुकड्याने चढवतो, पण तो सर्व्हर ती जोडून मूळ सर्व्हरकडे एकाच विनंतीत पाठवतो. त्यामुळे मूळ सर्व्हरच्या एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमधील विनंतीच्या आकाराची मर्यादा पूर्ण फाइलला पुरणारी हवी. क्लाउडफ्लेअर या सेवेच्या मोफत योजनेची प्रॉक्सी मध्ये असेल तर १०० एमबीच्या वरचे अपलोड तिथेच अडते. वेळही लागतो: २० एमबीपीएस अपलोड गतीवर १ जीबीला सुमारे ७ मिनिटे, आणि नेक्स्टक्लाउडची दूरच्या वेबडॅव विनंतीसाठीची मूळ मुदत फक्त ३० सेकंदांची आहे. कॉन्फिग डॉट पीएचपीमधील ‘डॅवस्टोरेज डॉट रिक्वेस्ट टाइमआउट’ घेणाऱ्या सर्व्हरवर वाढवावा. वरच्या उदाहरणात ६०० सेकंद पुरतील.

सर्व्हरचे डोमेन बदलले की आधीचे फेडरेटेड शेअर तुटतात, कारण समोरच्याच्या डेटाबेसमध्ये जुना पत्ता टोकनसह नोंदलेला असतो. नव्या डोमेनवरून ते पुन्हा शेअर करावे लागतात. जुने शेअर काढून टाकल्यावर स्टोरेजच्या अनाथ नोंदी मागे राहतात. त्या साफ करण्यासाठी ओसीसीमध्ये ‘क्लीनअप रिमोट स्टोरेजेस’ ही आज्ञा आहे; तिला आधी ड्राय रनचा (प्रत्यक्ष न पुसता नुसते दाखवण्याचा) पर्याय लावून काय काय पुसले जाणार ते पाहून घ्यावे.