रॉकेटच्या ज्वाळेतले नवजात रेणू

श्रीहरिकोट्याहून इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट उडताना टीव्हीवर डोळे दिपवणारा पांढरा झोत दिसतो. तो बहुतांशी तापलेल्या कणांचा उजेड असतो. पहिल्या टप्प्याच्या घन इंधनात ॲल्युमिनियमची पूड असते. ती जळून झालेले ऑक्साइडचे कण पांढरेशुभ्र झळाळतात. पण त्याच झोतात आणखी एक उजेड मिसळलेला असतो, आणि माझ्या मते खरी माहिती त्यातच आहे.

तो ओळखायला स्वयंपाकघर पुरेसं आहे. गॅसच्या निळ्या ज्योतीत काजळी नसते, म्हणजे झळाळायला घन कणच नसतात. मग निळा रंग येतो कुठून? इंधन जळताना मध्येच कार्बन-हायड्रोजनच्या जोडीचे अल्पायुषी रेणू तयार होतात. त्यांतल्या काहींच्या इलेक्ट्रॉनांना जन्मतःच जादा ऊर्जा मिळालेली असते. इलेक्ट्रॉन खाली उतरला की ती ४३१ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळट-निळ्या प्रकाशात बाहेर पडते. ही रासायनिक प्रदीप्ती. रॉकेटच्या झोतात हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची अल्पायुषी जोडी, ३०८ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील पट्ट्यात चमकतो. शिवाय न जळलेला कार्बन मोनॉक्साइड नळकांड्याबाहेर हवेत मिसळतो आणि ऑक्सिजनच्या अणूशी जुळताना फिकट निळा उजेड देतो.

पुण्याला रॉकेटच्या इंधनाचं काम नवं नाही. सुतारवाडीतली डीआरडीओची एचईएमआरएल ही स्फोटक व प्रणोदक पदार्थांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा त्याच कामासाठी ओळखली जाते, आणि पिनाका रॉकेट पाषाणच्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने घडवलं. पण रॉकेटची मोटार चाचणीला पेटवली की शेकडो अभिक्रिया एकदमच चालू होतात. कोणता उजेड कोणत्या अभिक्रियेचा, हे त्या गोंगाटात कळत नाही. म्हणून संशोधक एक-एक अभिक्रिया वेगळी काढून काचेच्या नळीत घडवतात.

नळीतून हेलियम किंवा आरगॉन वाहतो. एका टोकाला सूक्ष्मलहरींच्या विद्युत विसर्जनाने ऑक्सिजनचे रेणू फोडून सुटे अणू करतात; पुढे बारीक नळीतून ॲसिटिलीनसारखं इंधन सोडतात. जिथे दोन्ही भेटतात तिथे अंधाऱ्या खोलीत मंद उजेड दिसतो. तो वर्णपटमापकाने, म्हणजे उजेडातले रंग सुटे करणाऱ्या उपकरणाने तपासायचा. पुण्यातल्या बीएस्सीच्या विद्यार्थ्यांनी सोडियमच्या दिव्याच्या पिवळ्या जोडरेषा ज्या पद्धतीने पाहिलेल्या असतात, तीच ही पद्धत, फक्त उजेड टिपणारा शोधक कित्येक पटींनी संवेदनशील.

नळीतला दाब मुद्दाम वातावरणाच्या हजाराव्या भागाइतका ठेवतात. कारण उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जा मिळालेल्या हायड्रॉक्सिलला प्रकाश सोडायला सरासरी ०.७ मायक्रोसेकंद लागतात, आणि नेहमीच्या दाबाच्या हवेत तेवढ्या वेळात त्याला हजारो टकरा बसतात. टकरीत ऊर्जा उष्णता होऊन निसटते, उजेड पडतच नाही. विरळ वायूत टकरा कमी, म्हणून रेणूला चमकायला सवड मिळते. हा दाब जमिनीपासून जवळपास ५० किलोमीटर उंचीवरच्या हवेइतका आहे, ही मला या प्रयोगातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: रॉकेट त्या थरातून खरोखरच जातं.

या मोजमापांचा उपयोग थेट आहे. ओझोन २८० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचे सूर्यकिरण अडवतो, त्यामुळे अंतराळातून खाली पाहताना त्या पट्ट्यात पृथ्वी काळोखी असते आणि उंचावरच्या रॉकेटचा झोत त्या काळोखावर उठून दिसतो. इंजिनाची प्रकृतीही उजेडावरून कळते. अमेरिकेत स्पेस शटलच्या मुख्य इंजिनांच्या जमिनीवरच्या चाचण्यांत झोतातल्या निकेल, क्रोमियमसारख्या धातूंच्या वर्णपटातल्या रेषांवरून आतली झीज ओळखण्याची पद्धत वापरली गेली. त्या रेषा निवडायच्या तर हायड्रॉक्सिलची पार्श्वभूमी आधी नेमकी ठाऊक असावी लागते.

२०० किलोमीटरच्या वर मात्र साधी नळी अपुरी पडते. तिथल्या विरळ हवेत ऑक्सिजनचे सुटे अणूच अधिक असतात, आणि कक्षेतल्या यानाच्या झोतावर ते सेकंदाला जवळपास ८ किलोमीटर वेगाने आदळतात. एरवी घडल्याच नसत्या अशा अभिक्रिया त्या धडकेच्या जोरावर घडतात. त्यासाठी प्रयोगशाळेत निर्वात कक्षात सोडलेल्या ऑक्सिजनवर लेझरचा झोत टाकून प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तप्त वायू करतात, आणि तो प्रसरण पावताना त्याच वेगाचा अणूंचा झोत मिळवतात.